डीटरिख बुक्स्टेहुडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या गप्पांत बाखचं नाव निघालं की थोड्या वेळाने ती गोष्ट येतेच: विशीतला बाख चारशे किलोमीटर चालत एका म्हाताऱ्या ऑर्गनिस्टला ऐकायला गेला. गोष्ट खरी आहे. पण त्या म्हाताऱ्या ऑर्गनिस्टबद्दल पुढे कुणी काही बोलत नाही, आणि मला ते फार लागतं. बुक्स्टेहुडे हे बाखच्या वाटेवरचं विश्रांतिगृह नव्हे. ऐकणाऱ्या मित्रमैत्रिणींनी गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

डीटरिख बुक्स्टेहुडे. आडनावात 'हू'वर जोर द्यायचा. हॅम्बुर्गजवळ याच नावाचं गाव आहे, पूर्वज तिथले म्हणून हे आडनाव. आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखंच. डॅनिश मुलखात होते तेव्हा ते पहिलं नाव डिडरिख असं लिहीत, जर्मनीत स्थिरावल्यावर डीटरिख.

म्हणजे ते जर्मन की डॅनिश?

जन्म 1637च्या सुमाराचा. त्याची नोंद सापडलेली नाही, त्यामुळे जन्मगावावर अभ्यासकांचे वाद आहेत. बहुतेकांचा कौल हेलसिंगबोर्गला आहे. हे गाव आज स्वीडनमध्ये आहे, पण तेव्हा डेन्मार्कचं होतं; 1658च्या तहानंतर ते स्वीडनकडे गेलं. वडील योहानेस हेही ऑर्गनिस्ट. आधी हेलसिंगबोर्गला, मग समोरच्या किनाऱ्यावरच्या हेलसिंगोरला. दोन्ही गावांमध्ये समुद्राची जेमतेम चार-पाच किलोमीटरची चिंचोळी पट्टी आहे. मुलाने पहिली नोकरी धरली तीही वडिलांच्याच जुन्या जागी, हेलसिंगबोर्गच्या सेंट मेरी चर्चमध्ये. 1660 पासून आठ वर्षं ते हेलसिंगोरच्या सेंट मेरी चर्चमध्ये होते. तिथली मंडळी, म्हणजे चर्चला जमणारे भाविक, जर्मन बोलणारी होती.

1707 साली ते वारले तेव्हा बाल्टिक परिसरातल्या एका नियतकालिकाने लिहिलं की डेन्मार्कला ते आपली मातृभूमी मानत आणि साधारण सत्तर वर्षं जगले. म्हणून मी त्यांना बाल्टिक समुद्राचा माणूस म्हणते. त्या समुद्राच्या काठाकाठाने जर्मन, डॅनिश, स्वीडिश माणसं, धान्य, मीठ आणि संगीत सारखं इकडून तिकडे जात होतं.

ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकात वाजायचा तोच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो अगदी योग्य आहे. बालगंधर्वांच्या नाटकांच्या आठवणींत ज्या ऑर्गनबद्दल आपण वाचतो, तो पायाने भाता मारायचा पायपेटीचा प्रकार. त्याच्या पोटात हार्मोनियमसारख्या पितळी पट्ट्या असतात, हवा लागली की त्या थरथरतात. बुक्स्टेहुडेंचा ऑर्गन वेगळा. त्यात हजारो नळ्या असतात, काही शिसं-कथिलाच्या, काही लाकडी. बऱ्याचशा नळ्या मोठ्या बासऱ्या किंवा शिट्ट्याच म्हणा ना. मागच्या बाजूला माणसं मोठाले भाते दाबून हवा भरत राहतात. वादकाने कळ दाबली की एक झडप उघडते आणि हवा त्या त्या नळीत शिरते. कोणत्या जातीच्या नळ्या वाजायच्या हे शेजारचे दांडे ओढून ठरवायचं. त्या दांड्यांना स्टॉप म्हणतात. नळीची लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली जातो, इतका साधा हिशोब.

पुढे आयुष्यभर ते उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात होते. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये पन्नासहून जास्त स्टॉप होते, हातांसाठी तीन कीबोर्ड आणि पायांसाठी एक. त्यातल्या खर्जातल्या सगळ्यात मोठ्या नळीची लांबी 32 फूट. एवढा खालचा स्वर कानाला ऐकू येण्याआधी बाकावर बसलेल्या माणसाच्या पाठीला जाणवतो. उत्तर जर्मनीच्या ऑर्गनिस्टांचं वैशिष्ट्य या पायांत होतं. दक्षिणेकडे पाय बहुधा लांबवलेला खर्ज धरायला वापरत, इथे पाय स्वतंत्र गायचे, पळायचे, एकटेच पुढे यायचे. बुक्स्टेहुडेंचं सी मेजरमधलं प्रेल्यूड, म्हणजे ऑर्गनची स्वतंत्र रचना (त्यांच्या रचनांच्या सूचीत क्रमांक 137), सुरूच होतं ते एकट्या पायांनी.

लुथरन चर्चमध्ये ऑर्गनचं एवढं महत्त्व का?

मार्टिन लूथरने सोळाव्या शतकात उपासना लोकांच्या भाषेत आणली आणि मंडळीच्या तोंडी गाणं दिलं. ज्ञानेश्वरांपासून आपल्याकडे जे मराठीचं झालं, त्याची आठवण मराठी माणसाला इथे झाल्यावाचून राहत नाही. लूथरने स्वतः गीतं लिहिली, काहींना चाली दिल्या. या गीतांना कोराल म्हणतात. शहरातला न्हावी, सुतार, व्यापारी, सगळ्यांना ती पाठ असत.

ऑर्गनिस्टचं काम इथून सुरू होतं. गीत गायच्या आधी तो त्याच चालीवर काही वाजवतो, म्हणजे मंडळीच्या कानात चाल बसते आणि शब्दांचा भाव मनात उतरतो. या प्रकाराला कोराल प्रेल्यूड म्हणतात. बुक्स्टेहुडेंचे असे चाळीसहून अधिक प्रेल्यूड आज उपलब्ध आहेत. छोट्या रचनांमध्ये ते वरच्या आवाजात मूळ चाल ठेवतात, पण तिच्यावर नक्षी अशी काढतात की एखादी जाणती गायिका ओळखीचं पद विलंबित घेऊन म्हणते आहे असं वाटावं. खाली बाकीचे आवाज शांत चालत राहतात. 'नुन कोम, डेर हायडेन हायलांड' या आगमनकाळातल्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या) गीतावरचं त्यांचं प्रेल्यूड (क्रमांक 211) दोनेक मिनिटांचं आहे. मी ते शेकडो वेळा ऐकलं असेल.

ल्यूबेकची नोकरी कशी मिळाली?

तिथले आधीचे ऑर्गनिस्ट फ्रान्झ टुंडर नोव्हेंबर 1667 मध्ये वारले. अनेकांनी प्रयत्न केले. 11 एप्रिल 1668 रोजी बुक्स्टेहुडेंची निवड झाली. ल्यूबेक म्हणजे हान्झा व्यापारी संघाची जुनी राणी, आणि सेंट मेरी हे तिथल्या नगरपरिषदेचं व व्यापाऱ्यांचं चर्च. नगरभवनाला अगदी लागून. विटांचं बांधकाम, आत साडेअडतीस मीटर उंचीवर कमानी. जुलैमध्ये ते शहराचे नागरिक झाले, 3 ऑगस्टला टुंडर यांची मुलगी आना मार्गारेटा हिच्याशी लग्न झालं. त्यांना सात मुली झाल्या. तीन लहानपणीच गेल्या, चौथी वयात येऊन गेली.

रविवारी वाजवायचं आणि उरलेला आठवडा मोकळा, असंच ना?

अजिबात नाही. रविवारी आणि सणांना सकाळची मुख्य उपासना, दुपारची उपासना, शिवाय आदल्या संध्याकाळची. प्रभुभोजनाच्या वेळी वाद्यं आणि गायक घेऊन संगीत सादर करायचं. आणि याच्या जोडीला आणखी एक पूर्ण नोकरी: ते चर्चचे 'वेर्कमाइस्टर' होते, म्हणजे कारभारी आणि खजिनदार. विटा, चुना, छताचं शिसं, मजुरांची मजुरी, कबरींच्या जागांचे पैसे, सगळ्याचा जमाखर्च त्यांच्या हातचा. 39 वर्षं त्यांनी त्या वह्या लिहिल्या.

या वह्यांबद्दल मला थांबून बोलायचं आहे. लोकांना वाटतं की प्रतिभावंताला हिशोबाला जुंपलं, केवढा अन्याय! मला तसं वाटत नाही. त्यांचं संगीत दगडाविटांच्या त्याच घरात घडलं ज्याची गळती कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. 1669 मध्ये, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, मोठ्या ऑर्गनच्या बाजूला त्यांनी दोन नवे सज्जे बांधून घेतले. आधीचे धरून वर चाळीसेक वादक-गायक मावू लागले. कुठून कोणता आवाज आला म्हणजे खाली कसा ऐकू येईल, हे ठरवण्याची सत्ता कारभारी आणि संगीतकार एकच असल्यामुळे त्यांच्या हाती आली. 1673 मध्ये त्यांनी मुद्दाम वेगळ्या घडणीचे दोन ट्रम्पेट करवून घेतले, त्याचीही नोंद हिशोबात आहे. आज त्यांच्या आयुष्याबद्दल खात्रीने जे सांगता येतं, त्यातलं बरंच काही या रोकडवहीमुळेच.

'आबेंडमुझिक' हा काय प्रकार होता?

शब्दशः संध्याकाळचं संगीत. टुंडरांच्या काळात व्यापारी बाजार उघडायची वाट पाहत चर्चमध्ये जमत, तेव्हा ऑर्गनिस्ट त्यांच्यासाठी थोडं वाजवत असे. बुक्स्टेहुडेंनी त्या सवयीचा उत्सव केला. वर्षातले पाच रविवार ठरले: चर्चच्या वर्षाचे शेवटचे दोन, आणि आगमनकाळातले दुसरा, तिसरा, चौथा. दुपारी चार ते पाच, दुपारच्या उपासनेनंतर. 1678 पासून या पाच भागांमध्ये एकच मोठी कथा क्रमाने सादर होऊ लागली. गायकवृंद, तंतुवाद्यं, ट्रम्पेट, नगारे, ऑर्गन.

प्रवेश सगळ्यांना फुकट. खर्च शहरातले व्यापारी देत. बुक्स्टेहुडे आधी छापील संहिता त्यांच्याकडे पाठवत आणि नव्या वर्षाच्या सुमाराला देणगी येई. कधी ती पुरत नसे, मग त्यांची विनवणीची पत्रं जात, खिशातूनही भर पडे. राजदरबाराच्या पैशाशिवाय, तिकिटाशिवाय, गावाने गावासाठी केलेलं हे संगीत. आपल्याकडे गणेशोत्सवातल्या किंवा जत्रेतल्या मैफलींना वर्गणी काढणाऱ्या माणसाला ही तारेवरची कसरत लगेच कळेल. 1697 मध्ये छापलेल्या ल्यूबेकच्या माहितीपुस्तकाने अभिमानाने सांगितलं की असं दुसरीकडे कुठे होत नाही.

डिसेंबर 1705 मध्ये दोन खास कार्यक्रम झाले. 2 तारखेला पवित्र रोमन सम्राट पहिला लिओपोल्ड याच्या निधनाचा शोक, 3 तारखेला नवा सम्राट योझेफ याचा गौरव. दुसऱ्या दिवशी 25 व्हायोलिनं एकाच सुरात वाजली. थंडी, अंधार आणि मागे हुंदडणारी पोरं या गैरसोयींबद्दल पुढच्या काळातल्या एका कँटरने, म्हणजे चर्चच्या गायनप्रमुखाने, लिहून ठेवलं आहे, तरी लोक येत राहिले. ही प्रथा बुक्स्टेहुडेंच्या पश्चात शंभर वर्षं, 1810 पर्यंत चालली.

या मैफलींचं संगीत कुठे ऐकायला मिळेल?

मिळणार नाही. काही छापील संहिता उरल्या, पण ज्यावर खात्रीने त्यांचं नाव घालता येईल असं त्या नाट्यसंगीताचं एकही स्वरलेखन उरलेलं नाही. ज्या कामासाठी ते हयातीत सर्वांत प्रसिद्ध होते तेच नेमकं गेलं. याचं दुःख शब्दांत सांगता येत नाही.

एवढं सगळं हरवलं कसं?

ते संगीत वापरासाठी लिहिलेलं होतं, जपण्यासाठी नव्हे. शैली बदलली की जुनी हस्तलिखितं अडगळ होत. अठराव्या शतकाच्या मध्याला ल्यूबेकचे कँटर कास्पार रूट्झ यांनी स्वतःच लिहिलं आहे की पूर्वसूरींकडून आलेल्या जुन्या संगीताच्या ढिगातले निम्मे कागद शेगडीत गेले, निम्मे दुकानदारांना पुड्या बांधायला दिले. त्या ढिगात कुणाकुणाची पानं होती हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मग जे उरलं ते कुणामुळे?

मुख्यतः दोन वाटांनी उरलं, आणि दोन्ही ल्यूबेकच्या बाहेरच्या.

पहिली वाट स्वीडनची. स्टॉकहोमच्या राजदरबाराचे संगीतप्रमुख गुस्टाव ड्यूबेन हे बुक्स्टेहुडेंचे मित्र. त्यांनी मित्राच्या गायनरचना मागवल्या, उतरवल्या, जपल्या. त्यांच्या मुलाने 1732 मध्ये सगळा संग्रह उप्साला विद्यापीठाला दिला. तिथे तो दीडशे वर्षं जवळजवळ कुणाच्या हाताला लागला नाही. 1889 मध्ये ल्यूबेकच्या कार्ल श्टील यांनी त्यात बुक्स्टेहुडेंच्या रचना ओळखल्या. आज शंभराहून अधिक गायनरचना माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेक उप्सालामुळे.

दुसरी वाट बाख घराण्याची. ऑर्गनच्या स्वतंत्र प्रेल्यूडची बुक्स्टेहुडेंच्या हातची मूळ प्रत एकही नाही. शिष्यांनी आणि चाहत्यांनी उतरवून घेतलेल्या नकलांवर आपण अवलंबून आहोत. ओरड्रुफला राहणारा बाखचा थोरला भाऊ योहान ख्रिस्टोफ यांच्या वह्यांत त्यांतल्या काही आहेत. आणि 2006 मध्ये वायमारच्या ग्रंथालयातून एक विलक्षण कागद पुढे आला: बुक्स्टेहुडेंच्या एका प्रचंड कोराल फँटसीची (कोरालच्या चालीवर मोकळेपणाने रचलेली लांब रचना, क्रमांक 210) नक्कल, खुद्द योहान सेबास्टियान बाखच्या हातची. वय तेव्हा जेमतेम तेरा-चौदा. बाखच्या हस्ताक्षरातलं ज्ञात असलेलं ते सर्वांत जुनं लेखन आहे. म्हणजे ल्यूबेकला जाण्याच्या सहा-सात वर्षं आधीच या पोराने त्या म्हाताऱ्याचं सगळ्यात अवघड काम घरी बसून उतरवलं होतं.

'टॅब्युलेचर' हा शब्द वाचला. ते काय?

उत्तर जर्मन ऑर्गनिस्ट पाच रेघांवर टिपके न काढता स्वरांची अक्षरं लिहीत, वर लयीच्या खुणा. भातखंड्यांची किंवा पलुसकरांची स्वरलिपी पाहिलेल्या मराठी वाचकाला यात काहीच परकं वाटणार नाही. कागद वाचतो, जागा कमी लागते. पण एक अक्षर चुकलं की पूर्ण स्वर बदलतो, आणि नंतरच्या नकलाकारांनी ती लिपी रेघांवर आणताना केलेल्या चुका आजही संपादकांचा पिच्छा पुरवतात.

बाखची पायी यात्रा, खरं काय घडलं?

ऑक्टोबर 1705. वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गनिस्ट होता. त्याने चार आठवड्यांची रजा मागितली, बदली वादक ठेवला आणि चारशेहून अधिक किलोमीटर चालत ल्यूबेक गाठलं. परतला तो फेब्रुवारी 1706 च्या सुमारास, म्हणजे मंजूर रजेच्या जवळजवळ चौपट दिवसांनी. 21 फेब्रुवारीला चर्चच्या मंडळाने त्याला समोर बोलावलं. कुठे होतास, असं विचारलं. ल्यूबेकला होतो, माझ्या कलेतलं हे-ते समजून घ्यायला, असं त्याने सांगितलं. मग त्याच बैठकीत दुसरी तक्रार निघाली: हा कोरालमध्ये भलतेच स्वर मिसळतो, मंडळी गोंधळून जाते. आधी फार लांबण लावत होता, तसं बोलल्यावर एकदम फारच आखूड वाजवू लागला, हेही त्यात आहे.

या कागदावरून मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. आर्नश्टाटच्या मंडळीला जे भलते स्वर वाटले, ते ल्यूबेकला दर रविवारी ऐकू येत होते. डिसेंबरातले ते दोन भव्य कार्यक्रम बाख तिथे असतानाच झाले. त्याने बुक्स्टेहुडेंकडे रीतसर धडे घेतले का, तो वादकांमध्ये बसला का, याची नोंद नाही. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचं काम जवळून पाहायला मिळालं, आणि तो निघायचं विसरला, एवढं मात्र स्पष्ट आहे.

मुलीशी लग्नाची अट घातली म्हणून हँडल पळून गेला, हे खरं?

थोडं फुगवून सांगितलं जातं. 17 ऑगस्ट 1703 रोजी पुढे विख्यात झालेला संगीतकार हँडल (वय 18) आणि त्याचा मित्र माटेसन (वय 21) हॅम्बुर्गहून ल्यूबेकला आले. बोलावणं माटेसनला होतं, बुक्स्टेहुडेंची जागा पुढे कोण घेईल याची चाचपणी चालू होती. घोडागाडीत दोघांनी मनातल्या मनात दुहेरी फ्यूग (एकच मुखडा आवाजांनी एकामागून एक उचलायची रचना, इथे दोन मुखड्यांची) रचले, गावातले बहुतेक ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड (तारांचं कळवाद्य) वाजवून पाहिले. मग कळलं की जागेबरोबर लग्नाची अट आहे, आणि दोघांनाही त्यात रस नव्हता. मानाने पाहुणचार घेऊन ते परतले. ही हकिगत माटेसननेच पुढे छापली.

ही गोष्ट हसण्यावारी नेणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. मुलगी आना मार्गारेटा (आईचंच नाव) तेव्हा 28 वर्षांची होती. निवृत्तिवेतन नव्हतं, राहतं घर नोकरीचं. बाप गेला की बायको-मुलींच्या डोक्यावरचं छप्पर त्याच दिवशी गेलं. म्हणून जागा घेणाऱ्याने त्या कुटुंबाला सांभाळावं अशी त्या काळची रीत होती. बुक्स्टेहुडे स्वतः त्याच वाटेने त्या घरात आले होते. अखेर योहान ख्रिस्टियान शीफरडेकर यांनी जागा स्वीकारली आणि सप्टेंबर 1707 मध्ये आना मार्गारेटाशी लग्न केलं. तिच्या मनात काय होतं, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

'मेम्ब्रा येसू नोस्त्री'बद्दल खूप ऐकलं आहे. काय आहे ते?

1680 मध्ये लिहून ड्यूबेन यांना अर्पण केलेली सात कँटाटांची (आवाज आणि वाद्यांसाठीच्या गायनरचनांची) माळ. क्रुसावरच्या येशूच्या शरीराकडे खालून वर पाहायचं: पाय, गुडघे, हात, कूस, छाती, हृदय, मुख. भाषा लॅटिन. प्रत्येक भागात आधी वाद्यांचा छोटा प्रवेश, मग बायबलमधलं एक वचन सगळ्यांनी मिळून, मग मध्ययुगीन भक्तिकाव्याची तीन कडवी एकेक-दोघा-तिघांनी, आणि पुन्हा ते वचन. मूळ हस्तलिखित, त्यांच्या स्वतःच्या हातचं, उप्सालात आहे.

विठोबाचं ध्यान पायांपासून डोळ्यांपर्यंत करायची सवय ज्याला आहे, त्याला या क्रमाचं मर्म समजवावं लागत नाही. सहावा भाग हृदयाचा. इथे बुक्स्टेहुडे व्हायोलिनं बाजूला ठेवतात आणि पाच व्हिओल दा गांबा आणतात. हे वाद्य गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं, आवाज मऊ, जरासा घोगरा, माणसाच्या छातीतून आल्यासारखा. शब्द बायबलमधल्या गीतरत्नातले: तू माझं हृदय घायाळ केलंस. सूर एकमेकांना असे घासत सरकतात की श्वास आपोआप हळू होतो. शेवटचा भाग पहिल्याच सी मायनरमध्ये परत येतो आणि 'आमेन'ने संपतो.

त्यांच्या ऑर्गनरचना ऐकताना गोंधळायला होतं. एक धागा सापडतच नाही. असं का?

कारण तसंच अपेक्षित आहे. त्या शैलीचं नावच 'स्टायलस फँटास्टिकस', कल्पनेला मोकळी सोडणारी. सुरुवातीला बोटं सुसाट धावतात, अचानक थांबतात, एखादा अनपेक्षित स्वरसमूह येतो, शांतता. मग फ्यूग: एक आवाज मुखडा मांडतो, दुसरा तोच वेगळ्या उंचीवरून उचलतो, तिसरा, चौथा. सगळं जमलंय असं वाटेपर्यंत तेही मोडतं, पुन्हा मोकळी फेक, पुन्हा दुसरा फ्यूग, बहुधा पहिल्याच मुखड्याला नवा ताल चढवून. जी मायनरचं प्रेल्यूड (क्रमांक 149) ऐका. वर झरझर स्वर आणि खाली पाय एकच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. बंदिशीचा आराखडा शोधू नका, प्रवचनकाराचं बोलणं ऐकता तसं ऐका. कुठे आवाज चढवतो, कुठे दम घेतो, कुठे दृष्टांत देतो.

खाजगी माणूस म्हणून ते कसे होते?

पत्रं फारशी नाहीत. पण जानेवारी 1674 मध्ये वडील वारले. अखेरच्या काळात ते मुलाजवळ ल्यूबेकलाच राहत होते. त्यांच्यासाठी बुक्स्टेहुडेंनी दोन रचना छापल्या. पहिली लूथरच्या 'शांतीने आणि आनंदाने मी निघतो' या गीतावर, वरचा आवाज खाली आणि खालचा वर केला तरी जुळेल अशा कडक शास्त्रात बांधलेली. दुसरी शोकगीत: एकच गाणारा आवाज, खाली थरथरते तंतुस्वर. शब्दही त्यांचेच असावेत असं मानतात. आधी विद्या, मग रडणं. एका ऑर्गनिस्टने दुसऱ्या ऑर्गनिस्टला दिलेला निरोप असाच असणार.

त्यांचं चित्र आहे का?

योहानेस फोरहाउट या चित्रकाराने 1674 मध्ये हॅम्बुर्गला रंगवलेल्या एका संगीतमेळाव्यात ते आहेत. हार्प्सिकॉर्डपाशी त्यांचे मित्र ऑर्गनिस्ट राइनकेन बसले आहेत. बुक्स्टेहुडे नेमके कोणते यावर मात्र अजून वाद आहे. चित्रातल्या एका कागदावर दोघांची नावं आहेत आणि त्यांना बंधू म्हटलं आहे. शब्द स्तोत्र 133चे: बंधूंनी एकोप्याने राहावं हे किती चांगलं.

भारताशी काही संबंध?

थेट नाही. ते हयात असतानाच, जुलै 1706 मध्ये, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन जर्मन लुथरन मिशनरी तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले, आणि तिथून लुथरन गीतं तमिळमध्ये गेली. महाराष्ट्रात मुख्यत्वे अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांनी काम केलं, त्यांची परंपरा वेगळी. मराठी मंडळ्यांत पुढे नारायण वामन टिळकांची भजनं रुजली, टाळ-पेटीसकट.

आज ल्यूबेकला गेलं तर काय दिसेल?

त्यांनी वाजवलेले दोन्ही ऑर्गन दिसणार नाहीत. 28-29 मार्च 1942 च्या रात्री, झावळ्यांच्या रविवारी, ब्रिटिश विमानांनी शहरावर बाँब टाकले. चर्च जळलं. मोठा ऑर्गन गेला, मृत्यूच्या नाचाच्या प्रसिद्ध चित्राशेजारचा पंधराव्या शतकातला छोटा ऑर्गन गेला, चित्रही गेलं. मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. त्या फुटलेल्या घंटा पडल्या जागीच ठेवल्या आहेत. बुक्स्टेहुडे याच चर्चमध्ये, वडील आणि चार मुलींच्या शेजारी, 16 मे 1707 रोजी पुरले गेले.

त्यांच्या कानांनी ऐकलेला आवाज ऐकायचा असेल तर थोडं चालत सेंट याकोबी चर्चमध्ये जा. तिथला छोटा श्टेलवागन ऑर्गन, 1637 मध्ये वाढवलेला, युद्धातून वाचला.

ऐकायला सुरुवात कुठून करू? वेळ दहाच मिनिटं आहे.

डी मायनर पासाकाल्या, क्रमांक 161. साधारण सहा मिनिटं. पायांत चार मात्राखंडांचं एक वाक्य आहे, ते 28 वेळा येतं, चार गटांत, दर गटात सात वेळा: डी मायनर, मग एफ मेजर, मग ए मायनर, मग परत घरी. पहिल्यांदा फक्त खालचं वाक्य मोजत ऐका. दुसरा गट सुरू होताना स्वर उजळतो, ती जागा पकडा. उरलेल्या चार मिनिटांत पुन्हा पहिल्यापासून लावा, आणि यावेळी मोजू नका.